पुण्याला घर हलवताना: नवे शहर, नवे धर्मग्राम



आपल्या हिंदमाता-परळ भागातील बहुतेक कुटुंबे मुळात बाहेरगावची आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांनी गाव सोडले, गिरणीत बदली कामगार म्हणून नाव नोंदवले आणि चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत संसार थाटला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या. भोंगा थांबला, पण लोक थांबले. मुले शिकली. आज त्याच घरांतली नातवंडे संगणकावर काम करतात, आणि त्यांच्या नोकऱ्या पुष्कळदा पुण्यात असतात: खराडीला, हिंजवडीला, मगरपट्ट्याला. "अमक्याचा मुलगा पुण्याला शिफ्ट झाला" हे वाक्य मिस्सा सुटल्यावर आवारात आता नेहमीच ऐकू येते.

पुण्याला जाणाऱ्या कॅथलिक कुटुंबाला घरचे वडीलधारे आवर्जून एक गोष्ट सांगतात: "काळजी नको, तिथे तर फादरांचे विद्यापीठच आहे!" हे खरे आहे. पण धर्मविद्येच्या शहरात राहायला गेले की आपली श्रद्धा आपोआप सांभाळली जाईल, ही समजूत खरी नाही. त्याचा विचार आजच्या पाठात करू.

पवित्र शास्त्रातील घर हलवणारे जोडपे

कृपया 'प्रेषितांची कृत्ये' अध्याय १८ उघडा. तिथे अक्विला आणि प्रिस्किल्ला हे पतिपत्नी भेटतात. अक्विला मूळचा पंत प्रांतातला. तिथून तो रोमला गेला. इ. स. ४९ च्या सुमारास क्लौद्य बादशहाने यहुदी लोकांना रोम सोडण्याचा हुकूम दिला, तेव्हा हे जोडपे करिंथला आले. त्यांचा धंदा तंबू शिवण्याचा, म्हणजे हाताच्या कसबाचा. काम जिथे मिळेल तिथे बिऱ्हाड. संत पौलाचाही धंदा तोच, म्हणून तो त्यांच्या घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर कामाला बसला.

पुढे ते पौलाबरोबर इफिसला गेले. तिथे एक विलक्षण प्रसंग घडला (ओव्या २४ ते २६). अपुल्लोस नावाचा एक विद्वान तिथे आला. तो आलेक्सांद्रियाचा होता. आलेक्सांद्रिया म्हणजे त्या काळचे ग्रंथांचे आणि पंडितांचे शहर. अपुल्लोस शास्त्रात पारंगत होता, वक्ताही मोठा होता; पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्माच ठाऊक होता. तंबू शिवणाऱ्या या पतिपत्नीने त्याला चारचौघांत कमीपणा आणला नाही. त्याला आपल्याकडे घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला.

आता आणखी दोन ठिकाणे पाहा: करिंथकरांस पहिले पत्र १६:१९ आणि रोमकरांस पत्र १६:३-५. पहिल्या पत्राच्या वेळी हे जोडपे इफिसमध्ये आहे, दुसऱ्याच्या वेळी पुन्हा रोममध्ये. शहर बदलले, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच लिहिलेली आहे: त्यांच्या घरी मंडळी जमत असे.

यातून दोन गोष्टी शिकता येतात. पहिली, शहर विद्वानांचे असो वा व्यापाऱ्यांचे, तिथे जाऊन आपण आपले दार उघडायचे असते. दुसरी, विद्या असलेल्या माणसालाही साध्या कष्टकरी घराची गरज असते. विद्यापीठ आणि घर यांतले एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

पुणे: ओळख नव्या शहराची

पुण्याची ख्रिस्ती ओळख फार जुनी आहे. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते. त्यांच्या उपासनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये जागा दिली आणि क्वार्टर गेटजवळ, नाना पेठेत 'सिटी चर्च' उभे राहिले. ब्रिटिशांच्या काळात आयरिश शिपायांसाठी १८५० मध्ये सेंट पॅट्रिक चर्च बांधले गेले, तेच आज कॅथेड्रल आहे. १८८६ मध्ये पुणे हे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. मराठी ख्रिस्ती घराघरांत पोहोचलेले 'निरोप्या' मासिक फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केले. ते पुढे पुण्याचे बिशप झाले.

वडीलधारी मंडळी ज्याला "फादरांचे विद्यापीठ" म्हणतात ते नगर रोडवर रामवाडीला आहे: ज्ञानदीप विद्यापीठ, आणि त्याच परिसरात पेपल सेमिनरी. या संस्थेने स्वतःच एकदा बिऱ्हाड हलवले आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल. भारतातले धर्मगुरू भारतीयच असावेत या हेतूने पोप लिओ तेरावे यांनी १८९३ मध्ये ही सेमिनरी स्थापन केली, ती सिलोनमधील कँडी येथे. १९२६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाच्या पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पुढे भारत आणि सिलोन हे दोन वेगळे स्वतंत्र देश झाले, आणि १९५५ मध्ये सेमिनरी पुण्यात आली. येशूसंघीय विद्यार्थ्यांचे डी नोबिली कॉलेजही त्याच वर्षी दक्षिणेतून इथे आले. आज देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण धर्मगुरू होण्यासाठी इथे शिकतात. व्रतस्थ भगिनी आणि प्रापंचिकही शिकू शकतात. फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे मुंबईला आले होते, तेव्हा आपल्यातील काही जण शिवाजी पार्कवर मिस्सेला गेले असतील. त्याच दौऱ्यात पोपमहोदय पुण्यालाही गेले होते.

धर्मविद्या शिकवणाऱ्या इतर ख्रिस्ती पंथांच्या संस्थाही पुण्यात आहेत. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आली. अॅडव्हेंटिस्ट मंडळींच्या स्पायसर कॉलेजला २०१४ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी १९४९ पासूनच्या पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.

याच शहरात संगणकाचा धंदाही वाढला. १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही सरकारी संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये तिने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. मग एमआयडीसीने हिंजवडीला पार्क उभारले. हडपसरजवळ मगर मंडळींनी आपल्या शेतजमिनी एकत्र करून मगरपट्टा सिटी वसवली. नगर रोडच्या बाजूला खराडीत कंपन्यांचे मनोरे उभे राहिले. म्हणजे आज परिस्थिती अशी आहे की एकीकडे ईशज्ञान शिकणारा तरुण आणि काही किलोमीटरवर रात्रपाळीत अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे काम करणारा आपला मुलगा, दोघे एकाच नगर रोडने जातात.

मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत पोहोचली. दादरला गाडीत बसायचे, पुणे स्टेशनला उतरायचे आणि मेट्रोने रामवाडी गाठायची, इतके ते सोपे झाले आहे. प्रवास सोपा झाला, पण पोहोचल्यावर आपण कोणाचे, हा प्रश्न मेट्रो सोडवत नाही.

एक अनुभव

इथे मी माझ्याच घरची गोष्ट सांगते. माझा धाकटा भाऊ लग्नानंतर खराडीला राहायला गेला. भाड्याचा फ्लॅट, अकरा महिन्यांचा करार. दोघेही नोकरी करणारे. सुरुवातीला तो फोनवर सांगायचा, "ताई, इथे फादर आणि ब्रदर इतके आहेत की मिस्सेची काही चिंता नाही." आणि खरेच, तो मिस्सा चुकवत नसे. एका रविवारी या चर्चमध्ये, दुसऱ्या रविवारी त्या चॅपेलमध्ये, ऑफिसचे काम असेल त्याप्रमाणे. आम्हीही समाधानी होतो. चर्चच्या ऑफिसात नाव नोंदवले का, हे मीही कधी विचारले नाही. धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारी मी, पण ते माझ्याही लक्षात आले नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्यावर पाणी भरते म्हणून आईला तो दोन महिन्यांसाठी घेऊन गेला. आई विनोदाने म्हणाली, "हिंदमाताला पाणी नको तेवढे, आणि इथे टँकरची वाट बघायची!" तिसऱ्या आठवड्यात एका रात्री ती न्हाणीघरात पडली. इस्पितळात नेले. डॉक्टरांनी जवळच्या माणसांना बोलावून घ्यायला सांगितले. आई शुद्धीवर होती आणि तिने एकच गोष्ट मागितली: फादरांना बोलवा.

रात्री साडेअकराला भावाचा फोन आला. "ताई, कुणाला बोलवू? माझ्याकडे एकाही फादरांचा नंबर नाही."

भारतातल्या इतक्या भागांतले फादर जिथे तयार होतात, त्या ठिकाणापासून काही मिनिटांवर माझा भाऊ उभा होता, आणि आईला तैलाभ्यंग देण्यासाठी कुणाला हाक मारावी हे त्याला ठाऊक नव्हते. मी आपल्या इथल्या फादरांचे दार वाजवले. त्यांनी पुण्यातल्या ओळखीच्या एका फादरांना उठवले, त्यांनी खराडीच्या हद्दीचे धर्मग्राम कोणते ते सांगितले, आणि तिथले फादर रात्री एकच्या सुमारास पवित्र तेल घेऊन इस्पितळात पोहोचले. आईला संस्कार मिळाला. तिने हात जोडले आणि मग ती शांत झोपली. देवाच्या कृपेने ती बरी झाली. आज ती आपल्यातच, तिसऱ्या बाकावर बसलेली असते.

निघताना त्या फादरांनी भावाला विचारले, "किती दिवस झाले इथे येऊन?" तो म्हणाला, "दहा महिने." फादर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये आमचा समूह दर महिन्याला जपमाळेसाठी जमतो. तुम्ही आहात हे कळले असते तर आम्ही वर आलो असतो."

दोष कुणाचाच नव्हता, आणि असलाच तर आमचा होता. आम्ही शहराला धर्मग्राम समजून बसलो होतो.

चर्चचा नियम काय सांगतो?

पुष्कळांना वाटते, "आम्ही भाडेकरू, आज इथे उद्या तिथे, आमचे धर्मग्राम हिंदमाताचेच." तसे नाही. १९८३ च्या कॅनन लॉमधील नियम १०२ प्रमाणे एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत निदान तीन महिने राहण्याच्या इराद्याने गेले, किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहिले, की तिथे तात्पुरते वास्तव्य धरले जाते. कायम राहण्याचा इरादा असेल, किंवा पाच वर्षे पूर्ण झाली, तर ते पक्के वास्तव्य. नियम १०७ सांगतो की या वास्तव्यामुळेच माणसाला त्याचे स्वतःचे पॅरिश प्रीस्ट आणि त्याचे बिशप मिळतात. म्हणजे अकरा महिन्यांचा करार केलेला भाडेकरूही तिथल्या धर्मग्रामाचा हक्काचा माणूस आहे. त्यासाठी फ्लॅट विकत घ्यावा लागत नाही.

नियम ५२९ पॅरिश प्रीस्टना सांगतो की आपल्याकडे सोपवलेल्या लोकांना ओळखावे, कुटुंबांना भेटी द्याव्यात, आजाऱ्यांची विशेष काळजी घ्यावी. पण वीस मजल्यांच्या इमारतीत, दारावर नुसता फ्लॅट नंबर असताना, आपण होऊन नाव सांगितल्याशिवाय त्यांनी आपल्याला ओळखावे कसे? चाळीत दाराबाहेर चपला दिसल्या तरी पाहुणा कोण ते कळायचे. तिथे तसे नाही.

आणखी एक गोष्ट: आपण कुठेही गेलो तरी आपल्या स्नानसंस्काराची नोंद जिथे संस्कार झाला तिथल्याच वहीत राहते. पुढे दृढीकरण किंवा लग्न दुसरीकडे झाले, तरी त्याची नोंद त्या पहिल्या वहीत केली जाते (नियम ५३५). तेव्हा जाणाऱ्यांनी असे समजू नये की आपले नाव इथून पुसले गेले. ते इथे आहेच. आता ते तिथेही लिहायचे आहे.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

१. फ्लॅट पाहायला जाल तेव्हा ऑफिस किती लांब, पाणी किती वेळ येते हे विचारताच. त्याबरोबर हद्दीचे चर्च कोणते हेही विचारा. खराडी आणि हिंजवडी ही शहराची दोन टोके आहेत, त्यांच्यामध्ये वीस किलोमीटरहून जास्त अंतर आहे. एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला चर्च, हे फार दिवस जमत नाही.

२. जाण्यापूर्वी इथल्या ऑफिसातून सर्वांचे स्नानसंस्काराचे दाखले आणि पॅरिश प्रीस्टचे पत्र घ्या. लग्न ठरवायचे असेल तर त्या वेळी दाखला नव्याने काढावा लागतो, जुनी झेरॉक्स चालत नाही.

३. मुले धर्मशिक्षणाच्या वर्गात असतील तर कितवे वर्ष पूर्ण झाले ते लिहून घ्या. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्षी मध्येच घर हलले तर मुलाची तयारी अर्धवट राहते. शक्य असेल तर शाळेप्रमाणे याचाही विचार करून महिना ठरवा.

४. पुण्यात पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात चर्चच्या ऑफिसात जाऊन कुटुंबाची नोंद करा. फादरांचा आणि समूहाच्या प्रमुखांचा फोन नंबर मोबाइलमध्ये ठेवा आणि कागदावर लिहून फ्रिजवरही लावा. रात्री आजारी पडलेल्या आईच्या हातात तुमचा मोबाइल नसतो.

५. मराठी मिस्सा किती वाजता आणि कुठे असते हे विचारून घ्या. मुलांना इंग्रजी समजते, पण आजीची प्रार्थना मराठीतच असते. मराठी मिस्सेला माणसे कमी दिसली तर नाराज होऊ नका. तुम्ही आलात की तेवढी वाढतील.

६. रविवारी काम असेल तर शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते (नियम १२४८). रात्रपाळी हे कारण वर्षभर पुरणारे नाही.

७. घर पुन्हा बदलले, खराडीहून वाघोलीला गेलात, तरी हद्द बदललेली असू शकते. जुन्या ऑफिसात सांगा, नव्या ऑफिसात नोंदवा.

८. विद्यापीठ जवळ आहे तर त्याचाही लाभ घ्या. प्रापंचिकांसाठी कोणते वर्ग, व्याख्याने आहेत याची चौकशी करा. शिवाय एखाद्या रविवारी घरापासून दूर राहणाऱ्या सेमिनरी विद्यार्थ्याला परवानगीने जेवायला बोलवा. ईशान्येकडचा किंवा झारखंडचा तो मुलगा ईशज्ञान शिकतो आहे. संसारी घरातला देव कसा असतो हे त्याला तुमच्या स्वयंपाकघरात कळेल. अपुल्लोसला आपल्याकडे घेणारे अक्विला आणि प्रिस्किल्ला ते हेच.

मागे राहणाऱ्यांसाठी

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला नेलेल्या लोकांना पत्र पाठवले होते (यिर्मया २९:४-७). घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या शहरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असा त्याचा आशय. ते पत्र कुठून लिहिले होते ते पाहा: येरुशलेमहून. मागे राहिलेल्याने गेलेल्यांना लिहिलेले ते पत्र आहे. "परत या" असा धोशा त्यात नाही; "तिथे रुजा" असा आशीर्वाद आहे.

आपल्यालाही हे शिकावे लागेल. मुलगा पुण्यात रमला की आईवडिलांच्या मनात कुठेतरी कळ येते. चाळीतली खोली रिकामी, सणाला दोनच ताटे. त्यावर उपाय हा नाही की मुलाने दर शनिवारी डेक्कन क्वीन किंवा शिवनेरी पकडून यावे आणि पुण्यात कुठेच रुजू नये. सुमारे तीन-साडेतीन तासांचे अंतर आहे. सणाला, वाढदिवसाला जरूर यावे. पण रविवार त्याने आपल्या नव्या धर्मग्रामात काढावा, आणि आपण त्याला तसे सांगावे. आपल्या समूहांनीही एक काम अंगावर घ्यावे: एखादे कुटुंब निघाले की त्यांच्यासाठी शेवटच्या मिस्सेत प्रार्थना करावी, त्यांच्या नव्या धर्मग्रामाचे नाव शोधून द्यावे, आणि तीन महिन्यांनी फोन करून एवढेच विचारावे: "नाव नोंदवले का?" तो फोन मी माझ्या भावाला केला नव्हता.

आणि जे म्हातारे इथे एकटे राहिले आहेत, त्यांचे आजारपण आपल्या समूहाचे आहे. पुण्यात अनोळखी फादर रात्री एकला धावून आले. इथे तर आपण एकमेकांना नावाने ओळखतो.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या समूहातून गेल्या पाच वर्षांत कोणती कुटुंबे दुसऱ्या शहरात गेली? त्यांची तिथल्या धर्मग्रामात नोंद झाली का, हे आपल्याला माहीत आहे का?

२. आपल्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूंपैकी कुणी कॅथलिक आहे का? त्यांच्या दारावर आपण थाप मारली का?

३. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी मंडळी जमत असे. आपल्या घरी शेवटची जपमाळ केव्हा झाली?

प्रार्थना

हे प्रभू येशू, जन्मल्यावर थोड्याच दिवसांत तुझ्या आईवडिलांना तुला घेऊन मिसरला जावे लागले. परक्या गावात घर मांडणे काय असते हे तुला ठाऊक आहे. आमच्या धर्मग्रामातून नोकरीसाठी गेलेल्या सर्व कुटुंबांना सांभाळ. नव्या शहरात त्यांना तुझे घर सापडो आणि त्यांचे घर तुझे होवो. मागे राहिलेल्या आईवडिलांना धीर दे, आणि आम्हांला त्यांचे शेजारी कर. आमेन.